भाडेकरूंच्या खांद्याबाबत खुलासा

वरची वाडी, कापड्याच्या वर, ता. पोलादपूर
चैत्र (रविवारच्या आत पोचावे)

तीर्थस्वरूप अनिलदादा यांस धाकटा चुलतभाऊ महिपती याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची साखर आटोक्यात असल्याचे दर्शनावहिनींनी फोनवर सांगितले. त्यांच्यामागून 'अजून एक वाढ' असा तुमचा आवाजही ऐकू आला, तेव्हा दोन्ही बाजूंची खुशाली कळली. हे पत्र बुद्धरत्नच्या टेम्पोतून वीर स्टेशनपर्यंत आणि तिथून मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून येते आहे. (मुंबई मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपातून तुम्ही मला काढून टाकल्यामुळे दुसरा मार्ग उरला नाही. राग नाही. सकाळी उठल्याबरोबर येणारी गुलाबाची फुले बंद झाली, एवढाच फरक पडला.)

तर रविवारी परळच्या हॉलवर मंडळाची सभा आहे आणि तीत ठराव येणार आहे, की वाडीतल्या सगळ्या परक्या भाडेकरूंनी पावसाळ्याआधी खोल्या सोडाव्यात आणि मी इथे काढलेले 'गावकर-भाडेकरू मंडळ' बरखास्त व्हावे. गुन्हा काय, तर शिमग्याला देवाच्या पालखीला परमुलखातल्या लोकांनी खांदा दिला आणि तो मी देऊ दिला. तुम्ही अध्यक्ष, तेव्हा खुलासा तुमच्याकडेच करणे आले.

मुळात हे मंडळ आम्ही काढले नाही, ते पाण्यामुळे निघाले. झऱ्यावरून येणारा लोखंडी पाइप दर उन्हाळ्यात फुटतो आणि मी दर उन्हाळ्यात मुंबईला कळवतो. मुंबईहून 'विषय घेतला आहे' असे उत्तर येते. (विषय घेतल्याने पाणी येत असते, तर आपल्या वाडीला एव्हाना धरण झाले असते.) मुंबईला गेलेल्या धोंडूच्या बंद घरात दिबाकर नावाचा ओडिशाचा वेल्डर राहतो, तो घाटातल्या रस्त्याच्या कामावर आहे. तो एका रविवारी मशीन घेऊन वर गेला आणि पाइप जोडून आला. मग त्याच्या ओळखीचे आणखी उडिया आले, हायवेवरच्या ढाब्यावरचा नेपाळी आचारी आला, कोंबड्यांच्या धंद्यासाठी खोली घेतलेला मुनाफ देशमुख आला, खालच्या वाडीतला बुद्धरत्न टेम्पोसकट आला, आणि आम्ही जे म्हातारेकोतारे उरलो आहोत ते तर इथेच होतो. पहिली सभा मराठी, हिंदी आणि उडियात झाली. कुणाचे कुणाला नीट कळले नाही, त्यामुळे सगळे ठराव एकमताने मंजूर झाले. अशी शांत सभा मी आपल्या समाजात पाहिलेली नाही.

पुढे पडीक शेते लावली गेली. भाजी टेम्पोतून पोलादपूरच्या नाक्यावर जाऊ लागली. आमच्या शेजारच्या साळूबाईने दिबाकरच्या बायकोबरोबर, सुभासिनीबरोबर, तिथेच घावनांचा तवा मांडला. सुभासिनी म्हणते हे घावन नव्हे, हा आमच्याकडचा चकुली पिठा. साळूबाई म्हणते, "नाव काय बी ठेव गो, तव्यावर पडला का तो घावनच हाय." या वादात दोघींचे पीठ दुपारच्या आत संपते. साळूबाईने त्या पैशांतून डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले आणि आता तिला माझे दोष लांबूनही दिसतात.

आता शिमगा. तुम्ही सगळे चाकरमानी आलात, हे मी नाकारत नाही. गाड्या भरभरून आलात. पण पालखी उचलायची वेळ आली तेव्हा एकाची कंबर धरली, एकाला डॉक्टरने वजन उचलायला बंदी केलेली, आणि जे धडधाकट होते ते समोर उभे राहून व्हिडिओ काढत होते. (तुमच्या खांद्याला काय झाले होते ते तुम्ही सांगितलेत, पण तो कुठला खांदा हे दर वेळी बदलत होते.) देव देवळात तयार, बाजा वाजून वाजून थकला, आणि चढणीला माणूस नाही. तेव्हा मी दिबाकरला हाक मारली. त्याने चप्पल काढली, मागून त्याची माणसे आली. बुद्धरत्न म्हणाला, "देव तुमचा हाय, मी खांदा देणार नाय. पन रस्ता सगल्यांचा हाय, तो मी बघतो." आणि त्याने दिवसभर तुमच्या गाड्या बाजूला काढल्या.

गोंधळ झाला तो एकाच ठिकाणी. पालखी घरोघर जाते, आणि दिबाकर घरात राहतो, त्यामुळे ती त्याच्या दारातही गेली. तिथे सुभासिनीने ओवाळले आणि त्यांच्याकडच्या शुभकार्याच्या रीतीप्रमाणे जीभ हलवून मोठ्याने हुळहुळी घातली. साळूबाई मागच्या परसात होती. तिने 'अगो बाय, कोन गेला गो!' करून जो गळा काढला, त्याने निम्मी वाडी घाबरून धावत आली आणि देवाच्या दर्शनाला एवढी गर्दी प्रथमच झाली. आता साळूबाईच हुळहुळी शिकली आहे आणि गॅसचा सिलिंडर आला तरी घालते.

राहिले गाऱ्हाणे. दर शिमग्याला ते धोंडू घालतो, पण यंदा त्याचा आवाज बसल्यामुळे देवापुढे गाऱ्हाणे मी घातले. लेकराबाळांना सुखी ठेव म्हटले, तुम्ही म्हणालात 'व्हय म्हाराजा!' चाकरमान्यांना नोकरीत बढती दे म्हटले, 'व्हय म्हाराजा!' मग मी म्हटले, या वाडीत जो राहील, वाडीचे पाणी पिईल आणि देवाला खांदा देईल, तो आजपासून गावकर, त्याला इथून कुणी उठवू नये. त्यावरही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हटले, आणि सर्वांत मोठा आवाज तुमचा होता, डोळे मात्र मोबाइलमध्ये होते. मी फसवले असे म्हणू नका. गाऱ्हाणे ऐकायचे असते. आता देवापुढे दिलेला होकार परळच्या हॉलवर कसा मागे घ्यायचा, हे घटनेच्या कुठल्या कलमात बसते ते अध्यक्षांनीच ठरवावे.

दर्शनावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत),
महिपती

ता. क. शिमग्याहून जाताना तुम्ही पिशवी भरून वांगी नेलीत आणि 'ही आपल्या मातीची चव' असे स्टेटस ठेवलेत. माती तुमचीच आहे. तुमच्या पिंपळाखालच्या शेतात ती वांगी दिबाकरने लावली होती. विचारायचे राहून गेले.

ता. क. २. ठराव आलाच तर तुम्ही विरोधात हात वर करावा, एवढीच विनंती. तुमच्याकडे बघून निम्मी सभा हात वर करते.

ता. क. ३. आमच्या विनीतने सांगून ठेवले आहे की भाडेकरू गेले तर 'बाबा, तुम्ही एकटे तिथे नकोत, घराला कुलूप लावून विरारला या.' मला विरारला जायचे नाही. सरळ सांगायचे तर मला त्याची भीती वाटते.

ता. क. ४. श्रावणात मी महाडला दाढ काढायला गेलो होतो, असे विनीतला आणि तुम्हाला कळवले होते. दाढ जागेवरच आहे. छातीत कळ आली होती, दरड येऊन रस्ता बंद होता, आणि वाडीत मला उचलील असा आपला एकही माणूस नव्हता. दिबाकर, तो नेपाळी आचारी, मुनाफ आणि बुद्धरत्न यांनी बांबूला चादर बांधून मला भर पावसात खाली डांबरी रस्त्यापर्यंत नेले. विनीतला हे कळू देऊ नका, तो त्याच दिवशी गाडी घेऊन येईल. तुम्हाला सांगितले, कारण रविवारी हात वर करताना ते तुम्हाला माहीत असावे.