तगरीवरचे निळे डोळे

कामोठे,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय सुमे, म्हणजे आमच्या घरच्या मानाने सौ. वहिनीस,

स. न. वि. वि. बघ, विसरले नाही. शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेसना मराठी वाचता येत नसे, पण समास आखलेला नसला की पत्र परत करायच्या. म्हणून आधी पट्टी शोधली, मग पेन.

तू ग्रुपमधून न सांगता निघून गेलीस. फोन लावला तर बंद. सुयशला सांगितलं तर चिरंजीव म्हणाले की नेरूळ काही दुबईला नाही, जाऊन ये. मग गाडी काढ म्हटल्यावर त्याला ऑफिसचा कॉल आला. शेवटी कागद काढला.

तुझ्याशिवाय ग्रुपवर मजा नाही गं. सायकलवर बसलेली कोंबडी टाकली, चमच्यांवर तबला वाजवणारा आचारी टाकला, सगळे नुसते अंगठे दाखवतात. तुझ्यासारखं तिरकस कुणी लिहीत नाही. शेवटचा मी तो सुरवंटवाला काका टाकला होता. टोपी घालून झुडपासमोर उकिडवा बसलाय आणि ‘पा... पा... पान... खा’ असं सुरवंटाला विनवतोय, मागे कुणीतरी ढोलकी लावलीय. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तो टाकला आणि तू गेलीस. किड्यांची किळस आली का? शाळेत तर गांडुळं हातात धरून वर्गभर फिरायचीस.

दादा कसा आहे? भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं तेव्हा छान हसला. तब्येत भरल्यासारखी वाटली. यायचं कधीपासून मनात आहे, पण माझा गुडघा आणि इथला पाण्याचा घोळ. टँकर कधी येईल सांगता येत नाही, घर सोडवत नाही.

राग असेल तर तो लिही, पण लोभ सोडू नकोस.

तुझी,
राजी


नेरूळ,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय राजश्री,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं. समास सरळ आहे.

आधी एक दुरुस्ती. तो सुरवंट नव्हे. सुरवंटाला केस असतात. ही अळी गुळगुळीत, पोपटी, माझ्या करंगळीएवढी, शेपटीवर छोटं पिवळं शिंग. आमच्या फाटकापासून पार्किंगपर्यंत तगरीचं कुंपण आहे, त्यावर असते. जवळ गेलं की डोकं आत ओढून घेते आणि मानेवरचे दोन निळे ठिपके फुगवते. वाटावं, केवढे डोळे वटारलेत. खोटे असतात. खरं डोकं त्यामागे चिमुकलं, भेदरलेलं. तुझ्या दादानेच मला ते बोटाने दाखवलं, कारण सांगता येत नव्हतं.

मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला, ते तुला माहीत आहे. हात परत आला, पाय परत आला, बोलणं आलं नाही. शब्द आत असतात, दाराशी अडकतात. बोलायला शिकवायला येणारी मुलगी फार गोड होती. तिने ‘प’पासून सुरुवात करून दिली. पान, पाणी, पाय. पण माझ्यासमोर तो तोंडच उघडेना. इतकी वर्षं सोसायटीच्या गणपतीत माईकवरून आरतीच्या वेळा आणि हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा माणूस. त्याला बायकोपुढे ‘पाणी’ म्हणायची लाज वाटत होती.

अळ्यांपुढे वाटत नव्हती. सकाळी खाली जायचा, कुंपणासमोर बसायचा आणि शिकवणी सुरू. पान. पान खा. त्या खायच्याच, त्यामुळे त्याला वाटायचं आपलं कुणीतरी ऐकतंय. मी गॅलरीत कपडे वाळत घालायच्या निमित्ताने उभी राहायचे. दिवाळीच्या आधी एकदा वर आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मला ‘पाणी’ म्हणाला. एका दमात. हातातला पेला मी तसाच धरून राहिले, त्याला द्यायचा विसरले.

राजी, व्हिडिओतला तो काका तुझा दादा आहे.

कुणी काढला, कळलं नाही. पाठमोरा आहे, टोपी आहे, हे मी धरून चालते. पण आवाज? सबंध दुपार मी हाच विचार करत बसले, की सख्ख्या बहिणीला आवाज कसा ओळखू येऊ नये. मग लक्षात आलं. हा आवाज तू कधी ऐकलेलाच नाहीस. मार्चपासून एकदाही नाही. भाऊबीजेला तो हसला, कारण तेवढंच जमत होतं.

आता लिफ्टमध्ये मुलं त्याला बघून ‘पान खा’ म्हणतात. त्याने लिफ्ट सोडली, मग जिना सोडला, मग चप्पल. बाहेरची पोरंटोरं कुंपणापाशी नाचून व्हिडिओ काढायला लागली, तेव्हा कमिटीने अळ्यांचा उपद्रव झाला म्हणून फवारणी करून घेतली. दुसऱ्या दिवशी झाडूवालीने पाटीभर अळ्या काढल्या. त्याने खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून एक शब्द नाही.

एक अळी मी आदल्या दिवशीच वर आणली होती. श्रीखंडाच्या डब्यात माती घालून ठेवलीय. ती आता तपकिरी झाली, पानांना तोंड लावत नाही. कोष करेल बहुतेक.

फोन साड्यांच्या खाली ठेवलाय. लोभ राहील. बाकी काय राहील, सांगता येत नाही.

सुमेधा


कामोठे,
१८ नोव्हेंबर

सुमे,

समास नाही आखला. पट्टी शोधलीच नाही.

ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकायला गेले तर सुयश म्हणाला आता उपयोग नाही, जगभर गेलाय. वर म्हणे लोकांना मामा आवडलाय, खाली सगळे बदाम पाठवतात. त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर जा म्हणाले. मग जेवायला बोलावलं.

पण मी एकटीच का गं गुन्हेगार? मी दर आठवड्याला विचारत होते आणि तू दर आठवड्याला ‘सुधारतोय’ लिहून हात जोडलेलं चित्र पाठवत होतीस. एकदा तरी म्हणायचंस की राजी, ये, माझ्याच्याने होत नाही. शाळेतही तू अशीच. गुडघा फुटला तरी सिस्टरना काही झालं नाही म्हणायचीस.

गुडघ्याचं आणि टँकरचं खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. आई गेल्यावर दादाने मला रोज मोठ्याने धडे वाचून दाखवले, त्या आवाजावर मी मॅट्रिक झाले. तो आवाज मोडलेला ऐकायची मला भीती वाटत होती. आणि ऐकला तेव्हा हसले.

रविवारी येते. दार उघड.

राजी


नेरूळ,
१ डिसेंबर २०२४

प्रिय राजी,

सप्रेम नमस्कार. ‘सुधारतोय’चं तू लिहिलंस ते खरं आहे. ते मी नाकारत नाही.

तू आलीस, फार बरं वाटलं. ओल्या नारळाच्या करंज्या त्याने चार दिवस पुरवून खाल्ल्या. तू त्याच्या पायाशी बसून लहानपणच्या गोष्टी सांगत होतीस तेव्हा त्याची बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती. मला ती खूण माहीत आहे. ‘प’ येण्याआधी ती तशीच हलतात. मी आत चहाचा गॅस बंद केला, आवाज नको म्हणून.

आणि तेवढ्यात तू फोन काढलास. दादाबरोबर एक फोटो, ग्रुपवर टाकते, सगळ्यांना बरं वाटेल, असं म्हणालीस. प्रेमानेच म्हणालीस, यात मला शंका नाही. म्हणून तर काही बोलता आलं नाही. त्याने हात उचलून तोंडावर ठेवला, तो तू जाईपर्यंत काढला नाही. तुला वाटलं खोकला येतोय. तू मला त्याला काढा द्यायला सांगून गेलीस.

काल संध्याकाळी डब्यातून पतंग निघाला. आधी ओला, चुरगळलेला, मग हळूहळू पंख ताणले गेले. हिरव्यात गुलाबी, संगमरवरासारख्या रेघा. निळे डोळे कुठेच नव्हते. तुझा दादा डबा मांडीवर घेऊन बसला. बोटं हलली. ओठ मिटले, ‘प’साठी मिटतात तसे. मी दाराशी उभी होते.

त्याने वर पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मी दोन्ही तळवे उघडून दाखवले, रिकामे. राजी, चाळीस वर्षांच्या संसारानंतर मी नवऱ्याला हात उघडून दाखवले. त्याने ते नीट पाहिले, मान हलवली आणि ओठ तसेच मिटलेले ठेवले. पतंग खिडकीतून गेला. डबा मी धुऊन ठेवला आहे.

पुढच्या रविवारी ये. करंज्या नकोत, गोड त्याला चालत नाही. फोन कामोठ्यालाच ठेव. आणि आल्यावर काही बोलू नकोस, नुसती बस. कधी बोललाच, तर हा आवाज तुला ओळखता आला पाहिजे.

लोभ आहेच.

सुमे