अर्थिंगची वायर

उधना, सुरत
दि. १८ जानेवारी १९९७

चि. आनंदास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. हर्षदा आता चौथीत आहे. शाळेत गुजराती बोलते आणि घरी येऊन माझ्या गुजरातीतल्या चुका काढते. तुझ्या बहिणीचा गुडघा थोडा... जाऊ दे. हे सांगायला बसलो नव्हतो. तीन कागद फाडून झाले, हा चौथा.

मागच्या आठवड्यात ललित दुकानात आला. ऑर्केस्ट्रातला गिटारवाला. तोच ॲम्प्लिफायर घेऊन. आवाज बंद पडला म्हणाला. त्याचा डावा कोपर अजून सरळ होत नाही, म्हणून रिक्षातून ॲम्प्लिफायरची पेटी मीच उतरवून घेतली.

उघडली. सिरीजमध्ये बल्ब लावून वीज दिली तर बल्ब भगभगीत पेटला, म्हणजे आत शॉर्ट. आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेला होता. तो बदलल्यावर आवाज आला. काम संपलं होतं. सवयीने टेस्टर पेटीच्या पत्र्याला लावला आणि तो पेटला. मनाची समजूत घालायला मीटर लावला. मीटरनेही तेच दाखवलं. ट्रान्सफॉर्मर खराब होऊन वीज पत्र्यात उतरत होती, तिथून गिटारच्या तारांत. अशी वीज जमिनीत जावी म्हणून हिरवी वायर असते, अर्थिंगची. ती तोडलेली होती. टोकाला काळी टेप. टेप मीच गुंडाळलेली.

आनंदा, पांडेसऱ्यातल्या त्या लग्नाआधी ललितची तक्रार होती, साउंडच्या मिक्सरला जोडलं की गुणगुण येते. मला कारण सापडेना. अर्थिंग तोडली, गुणगुण थांबली. पेटी तशीच दिली. लग्नात त्याचा हात तारांवर असताना ओठ माइकला लागले आणि तो स्टेजवरून फेकला गेला. मंडपाचं वायरिंग तुझं, म्हणून लोक तुझ्यावर धावले. मला तेव्हाच शंका आली होती. तरी मंडपवाल्या शेठने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आनंदाने नीट बघायला हवं होतं."

हे मी बोललो होतो, ते तुला माहीत नसेल. तू सुरत सोडून गावी गेलास त्याला दोन वर्षं झाली.

ट्रान्सफॉर्मर बदलला, अर्थिंग जोडली आणि ललितला बोलावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पंडितभाई, मी त्या पोराला आईवरून शिव्या दिल्या." पेटी न घेताच गेला. शेठकडेही जाऊन आलो. "आता काय त्याचं?" म्हणाला आणि चहा मागवला. मला तिथे बसवेना.

मग तुझ्या बहिणीला, कमलला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला मारत होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच होतो."

तिने स्टोव्ह बंद केला. तेव्हापासून कामापुरतंच बोलते. दुकानात हात चालत नाही, घरी बसवत नाही.

तू माणूस मारता मारता राहिलास, असं गावात अजून बोलतात म्हणे. पुढच्या रविवारी मी अमळनेरला उतरून तुमच्या गावी येतोय. घरात नाही येणार. ओट्यापाशी उभा राहून तुझ्या वडिलांना, अण्णांना आणि गल्लीतल्या लोकांना खरं काय ते सांगेन. तू हाकललंस तरी सांगूनच परत फिरेन.

त्या दिवशी ज्याचं नाव कुणीच घेतलं नाही तो,
पंडित