भुऱ्या आणि दहाव्याचा कावळा

॥ श्री ॥
पळसखेड, ११ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. हिंमतभाऊंस,
धाकट्या शालूचा सा. न. वि. वि.

फोन ज्ञानेश्वरच्या खिशात असतो आणि मी बोलायला लागले की सगळं घर कान लावतं, म्हणून लिहिते. ह्यांचा भुऱ्या चार दिवसांपासून नाही. त्याची भाकरी ओसरीवर तशीच पडून आहे. शेजारच्या सिंधूताई म्हणतात, धन्यानं हाक मारून नेला. देवऋषी उलटंच सांगतो, की वचन मोडलं, आता ह्यांचा जीव अडकला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना आणि ज्ञानेश्वरनं 'बाबा, भुऱ्याले आमी सांभाळू' म्हटलं तेव्हाच शिवला, हे गावभर ठाऊक आहे. आणि आमच्यानं दोन महिनेसुद्धा कुत्रं सांभाळलं गेलं नाही. जेवण जात नाही, भाऊ. फार थकले आहे.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.
तुमची शालू


मलकापूर, १६ नोव्हेंबर २०२४

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, पाठ टेकायला उसंत नाही. तरी लिहितो, कारण तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. त्या देवऋषीला दारात उभा करू नकोस. घाटात बिबट्या फिरतो आहे, हे तुमच्याकडचीच माणसं सांगतात. कुत्रं तो आधी उचलतो. वाईट वाटतं, पण त्यात कुणाचा कोप नाही.

दुसरं, तू तेव्हा घरी होतीस म्हणून सांगतो. भुऱ्या आमच्या मागे नदीवर आला होता आणि पिंडापाशीच बसला होता. कावळा उतरणार कसा? तिकडे ज्ञानेश्वर वचन देत होता, इकडे मी भुऱ्याला पट्ट्याला धरून बाजूला ओढलं आणि कावळा आला. जावईबापू कशातही अडकले नव्हते. तेव्हा ते ओझं उतरव आणि दोन घास खा, नाहीतर तुझी वहिनी मलाच उपाशी ठेवेल.

सगळ्यांना आशीर्वाद, तुला जास्त.
तुझा हिंमतभाऊ


पळसखेड, २३ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. भाऊंस,
शालूचा सा. न. वि. वि.

तुमचं खरं निघालं. नाल्यापलीकडे तुरीत भुऱ्याचा पट्टा सापडला. वनखात्याचा माणूस ठसे पाहून बिबट्याच म्हणाला. ज्ञानेश्वरनं पट्टा तिथेच पुरला. मी रडले, आणि त्या दिवशी जेवलेही.

पण कावळ्याचं तुम्ही लिहायला नको होतं. लकवा आला तशी ह्यांची वाचाच गेली. दवाखान्यात ओठ हलायचे, शब्द निघायचा नाही. मी पाणी विचारलं, मुलं विचारली, शेत विचारलं. एकालाही मान हलली नाही. काय सांगायचं होतं ते कळलंच नाही. नदीवरून येऊन ज्ञानेश्वरनं कावळ्याचं सांगितलं तेव्हा वाटलं, कुत्र्याचं तर कुत्र्याचं, पण हे बोलले. तेवढ्यावर मला झोप लागत होती.

बिबट्या मी मानला, भाऊ. नदीवर पाहिलंत ते मात्र तुमच्यापाशीच राहू द्या. रागावू नका, सवड झाली की येऊन जा. आणि ज्ञानेश्वरजवळ हे काढू नका. त्याच्याशीही ते तेवढंच बोलले आहेत.

तुमची शालू