कोलूवर मांडलेले एक्सल

शुक्रवार, १२ सप्टेंबर
आज गाडी वाजली. उजवीकडे वळताना पुढच्या चाकातून टक् टक् टक्. मी पुढच्या सीटवर होते म्हणून ऐकू आलं, नाहीतर ह्या घरात कुणाला कान आहेत? सदाशिव म्हणाला, अम्मा, हा आवाज महिनाभर येतोय. येत असेल. पण लक्षात आला तो माझ्या.
खडा अडकला असणार. निघेल.
गाडी जुनी आहे, पण ह्यांनी हौसेने घेतलेली. नात भुवना जन्मली तेव्हा हॉस्पिटलातून ह्याच गाडीतून घरी आली, पुढच्या सीटवर, माझ्या मांडीवर. आता तीच भुवना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, आणि तिचं बाळसुद्धा असंच येणार. सीट तीच, मांडी तीच. मी मेल वीदीला, आमच्या सगळ्या रस्त्याला, सांगून ठेवलंय.
भुवनाच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई राजलक्ष्मी, वळैकाप्पूला, म्हणजे बांगड्यांच्या डोहाळजेवणाला, आल्या होत्या, तेव्हा भुवनाच्या हातात बांगड्या भरता भरता म्हणाल्या, शेषम्माबाई, बाळाला आमच्या गाडीतूनच आणू, नवी आहे, धक्का लागत नाही. मग आमच्या गाडीकडे बघून म्हणाल्या, अय्यो, ही अजून चालते? मी गोड हसले. मला तसं हसता येतं.

शनिवार, १३ सप्टेंबर
खडा नाही. दृष्ट आहे. अजून चालते का म्हणणं म्हणजे दृष्टच, दुसरं काय? चाकाखाली लिंबू ठेवून सदाशिवला गाडी पुढे घ्यायला सांगितली. लिंबू छान फुटलं. आवाज आहे तसाच.
लिंबू लहान होतं.

सोमवार, १५ सप्टेंबर
सदाशिवने गाडी राजगोपालच्या शेडमध्ये नेली. मागच्या गल्लीतच आहे, म्हणून मीही गेले. राजगोपाल चांगला पोरगा आहे, पन्नाशीचा असेल, तरी मला पाट्टी, आजी म्हणतो. त्याने गाडी वर उचलून मला वाकून बघायला लावलं. एंजिनापासून चाकापर्यंत एक लोखंडी दांडा जातो, त्याला म्हणायचं एक्सल. तो चाक फिरवतो. त्याच्या टोकांना सांधे, सांध्यावर रबराची टोपी, आत ग्रीज. आमची टोपी फाटली, ग्रीज उडून गेलं, धूळ आत शिरली, सांधा झिजला. म्हणून टक् टक्. पाट्टी, दोन्ही बाजूंचे एक्सल बदलायला हवेत, म्हणाला.
मी म्हटलं, राजगोपाल, माझ्या गुडघ्यांचं हेच आहे. डॉक्टर म्हणाला बदला. मी बदलले का? पिंडतैल चोळते आणि चालते. बघ, तुझ्या शेडपर्यंत आले.
त्याने मला परत जाताना नीट बघितलं. मान हलवली. पटलं असणार.

बुधवार, १७ सप्टेंबर
सकाळी कुणी उठायच्या आत फाटक्या टोपीत पिंडतैल ओतलं. वाकायला त्रास झाला, पण मनात आणलं तर मी काय नाही करत? दिवसभर गाडी एकदाही वाजली नाही! संध्याकाळी सदाशिव कॉलेजातून आल्याबरोबर सांगितलं. तो म्हणाला, अम्मा, आज गाडी बाहेर काढलीच नाही, मी स्कूटरने गेलो होतो.
तरी पण.
तेल गळून सुनेच्या रांगोळीवर पसरलं. हरिप्रिया रागावली की एक भुवई वर करते. आज दोन्ही गेल्या.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
उपाय सापडला आणि तो फुकटचा आहे. आवाज उजवीकडे वळतानाच येतो. मग उजवीकडे वळायचंच कशाला? हॉस्पिटलपासून घरापर्यंत नुसत्या डाव्या वळणांनी यायचं. सदाशिव कॉलेजात गणित शिकवतो, त्याला हे सुचलं नाही. मी तिसरीपर्यंत शिकले.
दुपारी दोघं जाऊन टेस्ट घेतली. हॉस्पिटलच्या गेटातून निघालो. डावीकडे, मग डावीकडे, बाजाराजवळ डावीकडे, मग आणखी एक डावीकडे. आवाज अजिबात नाही! मी टाळ्या वाजवल्या. समोर हॉस्पिटलचं गेट. वॉचमनने पुन्हा सलाम केला.
सदाशिव स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. भुवनाला सांगितलं तर ती इतकी हसली की हरिप्रिया म्हणाली, पुरे, आजच डिलिव्हरी होईल.
प्लॅन बरोबर होता. ह्या गावातले रस्तेच नीट काढलेले नाहीत.

सोमवार, २२ सप्टेंबर
नवरात्र बसलं. कोलूच्या, बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्या मांडल्या, बाहुल्या पेट्यांतून काढल्या. लाकडी राजा-राणीच्या जोडीतल्या राजाचं नाक उडालंय. मी म्हणते उंदराने नेलं. दरवर्षी तेच म्हणते.
सदाशिवने एक्सल मागवले. तिरुचीच्या दुकानातून येणार, जुन्या गाडीचे म्हणून शोधावे लागतात. त्याने मला समोर बसवून सांगितलं, अम्मा, स्पष्ट ऐक. नवे एक्सल बसले तर बाळ आपल्या गाडीतून येईल. नाही बसले तर मी वाजणाऱ्या गाडीत माझं नातवंड घालणार नाही, विहीणबाईंना फोन करणार. आणि तू आता मधे काही करायचं नाही.
मी कधी काय केलंय? पण कबूल केलं. आजपासून गाडीत लक्ष घालणार नाही. माझा शब्द म्हणजे शब्द.

शनिवार, २७ सप्टेंबर
एक्सल आले. दोन लांब खोके. मी लक्ष घालणार नव्हतेच, फक्त उघडून बघितले. काय चकाकतात! काळी नवी टोपी, घट्ट, एक सुरकुती नाही. पण एक लांब आणि एक आखूड! दुकानदाराने फसवलं हे मी लगेच ओळखलं आणि सदाशिवला परत तिरुचीला जायला सांगितलं. चपला घालून निघालाच होता, तेवढ्यात राजगोपाल आला. म्हणाला, पाट्टी, एंजिन बरोबर मधोमध नसतं, म्हणून एक बाजू लांब असते.
ते मला माहीत होतं. विचारून घेतलेलं बरं.
सोमवारी गाडी शेडमध्ये जाणार, मंगळवारी नवे एक्सल बसणार.

रविवार, २८ सप्टेंबर
मुलगी! मुलगी झाली!! सकाळी. भुवना बरी आहे. केस केवढे काळे! हात मुठीत, डोळे मिटलेले, नाक माझ्यासारखं. हरिप्रिया म्हणाली, आत्ता कुणासारखंच नसतं. तिला दिसत नाही.
मी पणजी झाले. हॉस्पिटलातल्या नर्सला सांगितलं, लिफ्टवाल्याला सांगितलं, बाहेर इळनी विकणाऱ्याला सांगितलं. त्याने शहाळं स्वतः फोडून दिलं.
डॉक्टर म्हणाल्या बुधवारी घरी जा. बुधवारी आयुधपूजा, अवजारांची आणि गाड्यांची पूजा! केवढा योग! मंगळवारी एक्सल, बुधवारी बाळ. मी आखलं असतं तरी इतकं नीट जमलं नसतं.
शास्त्रींना फोन केला. म्हणाले, नात सासरची, बाळंतपण हॉस्पिटलात, तुम्हाला वृद्धी, म्हणजे सोयर, नाही, पूजा चालू द्या. व्याह्यांच्या घरी मात्र दहा दिवस वृद्धी, त्यांची पूजा नाही. मी विहीणबाईंना फोन करून वाईट वाटलं म्हणून सांगितलं. खरंच थोडं वाटलं.

सोमवार, २९ सप्टेंबर
आज मूळ नक्षत्र. आमच्या घरची रीत अशी: मूळ नक्षत्रावर सरस्वतीचं आवाहन करायचं, पुस्तकं-वह्या, वीणा, माझी किसणी, असं सगळं देवीपुढे मांडायचं आणि दशमीला पुनर्पूजा झाली की मगच उचलायचं. मधे हलवलं तर विद्या जाते.
सगळं मांडलं. सदाशिवची गणिताची पुस्तकं खाली. तरी कोलू रिकामा वाटत होता. मग डोळ्यांपुढे ते दोन खोके आले. बाळ ज्याच्या जोरावर घरी येणार, त्याला देवीचा आशीर्वाद नको? हे काही गाडीत लक्ष घालणं नव्हे, ही पूजा आहे. काढले, पुसले, चंदन लावलं, कुंकू लावलं, शेवंतीची माळ अडकवली. लांब उजवीकडे, आखूड डावीकडे. मधे नाक उडालेला राजा.
इतका छान कोलू मी आजवर मांडला नव्हता.

मंगळवार, ३० सप्टेंबर
सकाळी राजगोपाल आला. म्हणाला, पाट्टी, जुने एक्सल काढले, गाडी चाकं काढून वर टांगली आहे. नवे द्या, दुपारपर्यंत बसवतो.
मी त्याला कोलूपुढे नेलं. त्याने आधी हात जोडले, मग कपाळावर हात मारून घेतला.
सदाशिव आला. म्हणाला, अम्मा, उचल. लोखंड आहे ते. मी म्हटलं, देवीपुढे मांडलं की लोखंड नसतं. त्याने राजगोपालला सांगितलं, तूच घे. राजगोपाल दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, सार, वर्षभर ह्याच कामावर जेवतो मी, मला नका सांगू. आणि पाट्टी, कुंकू लावायचं होतं तर बसवल्यावर गाडीला लावलं असतं ना? आतल्या दांडक्याला कशाला?
आता हे बोलून काय उपयोग?
मग सदाशिव स्वतःच हात लावायला निघाला. मी त्याला दहावीची आठवण करून दिली. त्याचं गणिताचं पुस्तक पूजेत होतं, दुसऱ्या दिवशी टेस्ट, तो रडला तरी मी दिलं नाही. टेस्टमध्ये नापास झाला. पण आज गणिताचा लेक्चरर आहे की नाही? तो खाली बसला. जुने तरी परत लाव म्हणाला, तर ते काल संध्याकाळीच भंगारात गेले, नवे घरात आलेत म्हणून.
संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. पलीकडच्या भारतीने विचारलं, आजी, हे कुठले देव? मी म्हटलं, बाळाला घरी आणणारे. तिने नमस्कार केला आणि प्रसादाची उसळ, सुंडल, घेऊन गेली.
अजून सगळं हातातून गेलेलं नाही. हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरना सांगितलं, फक्त एक दिवस जास्त ठेवा. त्या म्हणाल्या, कशासाठी? दोघी ठणठणीत आहेत. ठणठणीत असणं हे काय घरी पाठवण्याचं कारण झालं? विचार करते म्हणाल्या. म्हणजे ठेवणारच.

बुधवार, १ ऑक्टोबर
ठेवलं नाही.
सदाशिवने फोन केला, विहीणबाई आणि व्याही तासाभरात हजर. वृद्धीमुळे त्यांची पूजा नाही, त्यांच्या गाडीला आज हार नाही, कुंकू नाही, ती अगदी मोकळी. सगळ्या तंजावरात आज बाकीच्या गाड्या पूजेला उभ्या, आमच्या कामाला एकच गाडी मोकळी होती, आणि तीच.
मी गेले नाही. दारात ओवाळायला मोठं माणूस हवं, म्हणून मीच घरी राहिले. शिवाय गाडीत जागा नव्हती.
बाळ आलं. पांढऱ्या गाडीतून, विहीणबाईंच्या मांडीवर. वाटेत एकदाही रडली नाही म्हणे. विहीणबाई म्हणाल्या, धक्काच लागत नाही ना. मी पाच वाती लावून ओवाळलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या क्षणी पोरीने डोळे उघडून सरळ माझ्याकडे बघितलं. हरिप्रिया म्हणाली, निरांजनाचा उजेड लागला असेल.
काही म्हणू दे. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मांडीवर दिली आणि मी तासभर हललेच नाही, गुडघे वाजले तरी.
विहीणबाई रात्री राहिल्या. व्याही गाडी घेऊन तिरुवैयारुला परतले.

गुरुवार, २ ऑक्टोबर
पुनर्पूजा झाली. सदाशिव गुरुजींच्या मंत्राआधीच हात पुढे करून उभा होता. एक्सल शेडमध्ये गेले, दुपारपर्यंत बसले. राजगोपालने आज ग्रीजला हात लावायच्या आधी माझ्या पाया पडून घेतलं. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं, ह्या वेळी मोठी.
पहिली फेरी कुठे? बाळाला चाळीस दिवस बाहेर काढायचं नाही. सदाशिव म्हणाला, विहीणबाईंना घरी सोडून येऊ. पाहुण्या म्हणून त्या पुढच्या सीटवर. मी मागे, सुंडलच्या डब्यांबरोबर.
कावेरीच्या पुलापर्यंत विहीणबाई सीट चाचपत होत्या. मग म्हणाल्या, शेषम्माबाई, खरंच सांगते, इतकी गुळगुळीत चालेल असं वाटलं नव्हतं. मला बरं वाटलं. मी गोड हसले, ह्या वेळी खरं.
मग सदाशिव म्हणाला, गाडी आता अगदी तयार आहे. तीन महिने झाले की भुवनाला आणि बाळाला ह्याच गाडीतून तुमच्याकडे आणून सोडतो. विहीणबाई मागे वळून म्हणाल्या, बघा, शेवटी बाळ तुमच्याच गाडीत, तुमच्याच मांडीवर बसून येणार!
ही गाडी बाळाला घेऊनही जाणार, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.
परत येताना मी पुढच्या सीटवर बसले. प्रत्येक उजव्या वळणाला कान देऊन ऐकलं. काही नाही. एकदा तर सदाशिवला सांगून मुद्दाम जोरात वळवायला लावली. तरी काही नाही.
उद्या राजगोपालला विचारायला हवं, नवे एक्सल साधारण किती टिकतात. तीन महिन्यांच्या आत गेले तर मी त्याला काही बोलणार नाही.