कवितांसाठी सोडलेल्या गोळ्या

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

शाळेत आपल्या मधल्या भावाच्या हातून पाटी निसटून फुटली, तो आवाज आठवतो? कविता म्हणता म्हणता फिट येऊन कोसळला होता तो. आज सकाळपासून तोच आवाज दोनदा माझ्या कानात आला.

घाबरू नकोस. खोलीत उजेड छान आहे, आणि छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम बसूनच असतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

एक कबूल करतो. माझ्या फिटच्या गोळ्या संपल्या आणि मी मुद्दाम आणल्या नाहीत. चार दिवस झाले. त्या गोळ्यांनी डोक्यात धुकं साचतं गं, पाठ कविताही दुसऱ्या कडव्याशी सुटतात. गोळ्या थांबल्या आणि सगळी कडवी परत आली! पण त्यांच्यामागून मधलाही आला. समोर येऊन बसतो. ‘पोर बरं झालं’ म्हणत आईने त्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या आणि आठवड्यात तो गेला. हे ठाऊक असून मीही तेच केलं.

दार वाजतंय. थांब.

दर महिन्याला गोळ्या देणारा चौकातला औषधवाला आलाय, दुकान बंद करून! म्हणतो, "काका, गोळ्या संपून चार दिवस झाले असतील. सोडल्यात ना?"

मी कवितांचं सांगितलं.

"त्या कविता डॉक्टरांना ऐकवा. धुकं वाटतं म्हटलंत तर ते औषध बदलतील, नाहीतर हळूहळू कमी करतील. आपल्या मनाने सोडायचं नाही, आणि चुकलेल्या गोळ्या एकदम गिळायच्याही नाहीत. चपला घाला, मी सोबत येतो."

जातो गं त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे.

तुझा,
दादा