कडी न वाजलेली बंदूक

आबा, तुमची बंदूक काल तपासून आली. माझा भाचा, म्हणजे तुमचा नातू, सांगलीला जुन्या हत्यारांच्या जाणकाराकडं घेऊन गेला होता. अस्सल निघाली तर घरात ठेवायचा कागद मिळेल, नाहीतर ठाण्यात जमा करावी लागेल, असं त्याला कुणी सांगितलेलं. त्या माणसानं नळीत बॅटरी मारली आणि म्हणाला, आत गोळीला फिरकी देणारा पीळच नाही, ही रायफल नव्हे, लोहारानं केलेली नक्कल आहे. नंबरसुद्धा हातानं ठोकलाय. भाचा तोंड पाडून बसला. मी म्हटलं, चहा घे. मला कुठं नवीन होतं ते!

बेचाळीसनंतरची ती वर्षं. गावात कोण कुणाचा माणूस, काही कळायचं नाही. दसऱ्याला मी माहेरी आले, तर मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तुमचं आणि आईचं बोलणं बंद. एकदा-दोनदा सोडून दिलं, मग डोक्यात प्रकाश पडला. माझा सासरा कराडकडचा पोलीस पाटील. म्हणजे मी आता त्यांची, इंग्रज सरकारची! असा राग आला मला, आबा. ज्या घरात जन्मले, तिथं माझ्या कानांची भीती?

दर खंडेनवमीच्या सकाळी तुम्ही बंदूक पूजेसाठी खुंटीवरून उतरवायचात. आज्याची, रिसाल्यातली, घोडेस्वाराची म्हणून नळी आखूड, आणि बाजूला पट्टा अडकवायची कडी. ती उतरवताना कडी वाजायची, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक. त्या वर्षी ती वाजली नाही. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही तलवारीकडं. तलवारीला कुंकू लागलं, कोयत्याला लागलं, विळ्याला लागलं. बंदुकीपाशी येऊन तुमचा हात थांबला. खरी बंदूक भूमिगत पोरांकडं गेलीय आणि खोट्या हत्याराला हात जोडणं तुम्हाला जमत नाहीय, हे मला तिथंच कळलं. आणि नेमका तेव्हाच फौजदार दारात उभा राहिला.

त्यानं बंदूक उचलली, परवान्यावरचा नंबर जुळवला. नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवला. "घोंगड्याखाली दडवायला कापली न्हाई न्हवं?"

"रिसाल्याची हाय. आखूडच आसती," तुम्ही म्हणालात. आवाज तुमचा वाटत नव्हता.

नंबर जुळूनही त्याला पटलं नाही. साताऱ्याला नेऊन खरीखोटी करून घेतो म्हणाला आणि शिपायाला हाक मारायला बंदूक पाटावर ठेवून दाराकडं वळला. साताऱ्याला गेली असती तर तुम्ही तुरुंगात, आणि खरी कुठंय हे काढायला त्यांनी तुमचं काय केलं असतं, देव जाणे. तुमच्या हातातला कुंकवाचा करंडा मी काढून घेतला. बंदुकीला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, वाकून नमस्कार केला.

"पुजल्याली हाय, सायेब. दसरा झाल्याबिगर हलवत न्हाईत."

तोही इकडचाच. त्याच्याही घरी पाटावर तलवार मांडलेली असणार. माझ्याकडं बघून त्यानं टोपी काढली आणि हात जोडले. दसरा झाला की येतो म्हणाला, पण आला नाही. त्याला सगळं कळलं होतं की काय, हा संशय माझ्या मनातून अजून जात नाही.

तुम्ही मात्र संध्याकाळी एवढंच विचारलंत, "सासरी कवा जायाचं?" त्यानंतर किती दसरे आले. त्या दिवसाबद्दल तुम्ही शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाहीत. मीही मग इरेला पेटले, विचारलंच नाही.

उद्या भाचा बंदूक ठाण्यात जमा करील. हे पत्र तिच्या खोळीत घालावं असं मनात होतं. पण खोळ तिथं उघडतील, आणि ठाण्यातल्या माणसांचा मला अजूनही भरवसा नाही. तेव्हा हे माझ्या ट्रंकेतच राहू दे.

एक सांगायचं राहिलं. पाटलाच्या सुनेला खोट्या हत्यारापुढंही वाकता येतं, असं तुमच्या मनात आलं असेल, म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत. पण मी बंदुकीला वाकले नव्हते, आबा. पाटाच्या पलीकडं तुम्ही बसला होतात.