ठिणगीचे आठ दिवस

४ मार्च, सोमवार

सोडणार नाही. नणंद असली म्हणून काय झालं!

काल नवऱ्याच्या बढतीचं जेवण होतं. घर माणसांनी भरलेलं, आणि आमची ठिणगी टेबलाखाली जाऊन बसलेली. सात वर्षांची घोडी! तिसऱ्यांदा हाक मारली तर "नाही म्हणजे नाही!" म्हणून किंचाळली आणि पाण्याचा जग लाथेने उडवला. माझा हात सुटला. एक धपाटा. एकच.

"मारून मुलं सुधारत नाहीत हं," ताई म्हणाल्या. पार दारातल्या माणसाला ऐकू जाईल अशा. शाळेत समुपदेशक ना त्या! मग अर्धा तास व्याख्यान — दोन पर्याय द्यायचे. शहाण्यासारखं वागलं की तक्त्यावर चांदणी चिकटवायची. थयथयाट केला की लक्षच द्यायचं नाही. आणि शेवटी हसत हसत, "खरं सांगू? पोरगी हट्टी नाहीच. आईला धीर नाही."

सगळे हसले. नवरासुद्धा! मी खाली बसून पाणी पुसत होते.

६ मार्च

नवऱ्याचं तिसरंच. "कोंडून ठेव दोन तास, येईल वळणावर. आम्ही नाही वाढलो?" बहीण म्हणते चांदण्या, भाऊ म्हणतो कोंडा. आणि सांभाळायचं कोणी? मी!

११ मार्च

मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात भिंगं कापायचं नवं मशीन येतंय. ते शिकायला मुख्य शाखेत आठ दिवस जायचंय, दुसऱ्या गावी. नवरा फिरतीवर. म्हणजे ठिणगीचं काय?

एकदम सुचलं. लगेच ताईंना फोन. आवाजात साखर — "तुमच्याइतकं कुणाला जमणार, ताई? मलाही चार गोष्टी शिकायला मिळतील."

"आण गं, मीच म्हणणार होते!"

आता कळेल म्हणावं.

१५ मार्च

ताईंसाठी कागद लिहायला घेतला. ठिणगीला अचानक काही चालत नाही, दहा मिनिटं आधी सांगावं लागतं. शर्टाच्या गळ्याला आतून शिवलेली कंपनीची चिठ्ठी कापायची, नाहीतर दिवसभर धुसफुसते. रडताना जवळ ओढायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. आणि दार बंद करायचं नाही. कधीच नाही. घाबरली की ती आधी हात उगारते, लोकांना तो माज वाटतो.

हे कळायला मला सात वर्षं लागली. कळूनही त्या दिवशी धपाटा घातलाच, ते वेगळं.

कागद वाचला. आणि फाडला. ताईंना सगळं येतं ना!

१७ मार्च, रविवार

सोडून आले. त्यांच्या फ्रिजवर कोरा करकरीत तक्ता. "आईला टाटा करतेस की पापा देतेस?" ताई वाकून, गोड आवाजात.

"दोन्ही नाही!"

बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने जागा बदलली.

१९ मार्च

ताईंचा फोन. "जेवतच नाहीये गं."

"लक्ष द्यायचं नाही ना, ताई?"

२० मार्च

तक्ता फाडला! चांदण्या खिडकीबाहेर! आज मशीनवर एकही भिंग वाया गेलं नाही माझं.

२१ मार्च

पुन्हा फोन. आवाज चिरका झालेला. "कशाने शांत होते ही? सांग ना काहीतरी. मी थकले गं."

जिभेवर होतं सगळं. मी म्हटलं, "धीर, ताई. धीर लागतो."

काय गार वाटलं! नंतर जेवण मात्र गेलं नाही. उन्हाचा त्रास असेल.

२३ मार्च

कालपासून फोन नाही. मी दोनदा केला. उचलला नाही.

२५ मार्च, सोमवार

आणली घरी.

ताईंनी स्वतःच सांगितलं, दारातच. शुक्रवारी ठिणगीने त्यांचा चष्मा भिरकावला. त्यांनी दोन ठेवून दिल्या आणि अडगळीच्या खोलीत घालून कडी लावली.

"किती वेळ?"

"दुपारभर. आधी दार बडवत होती. मग आवाज थांबला. मला वाटलं, झोपली." रडायलाच लागल्या. "कुणाला सांगू नकोस गं. माझी नोकरी जाईल. मला आधी माहीत असतं तर…"

तीन आठवडे वाट पाहिली होती मी या घटकेची. "बघू," एवढंच म्हटलं. आता रविवारी जेवण. तीच माणसं बोलावणार, आणि सगळ्यांसमोर ताईंना विचारणार, काय झालं अडगळीच्या खोलीत?

ठिणगी वाटेत एक अक्षर बोलली नाही. फुगली असेल माझ्यावर. होईल दोन दिवसांत नीट.

२७ मार्च

काल आणि आज, सांगितलं की उठते. सांगितलं की बसते. दूध पी म्हटलं, घटाघटा प्यायली, ठसका लागला तरी थांबली नाही. पेला तसाच हातात धरून उभी.

मी विचारलं, "भूक लागलीय का गं?"

माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू सांग."